शाळेतली नोकरी, हेल्थ इन्शुरन्स आणि युनियनच्या वाटाघाटी: अमेरिकेत नव्याने लागलेल्यांसाठी

अमेरिकेत शाळेत नोकरी करणारे आपले लोक आता बरेच झालेत. कोणी गणिताची टीचर, कोणी स्पेशल एज्युकेशनमध्ये पॅरा (वर्गात टीचरला मदत करणारी सहाय्यक), कोणी कॅफेटेरियात, कोणी शाळेच्या ऑफिसात. आणि करार संपायला आला, युनियनच्या ईमेल यायला लागल्या की बहुतेक जण त्यातला पगारवाढीचा आकडा तेवढा बघतात आणि इन्शुरन्सचा भाग आला की ईमेल बंद करतात. मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) सपोर्ट स्टाफ युनियनकडून वाटाघाटी करणाऱ्या बार्गेनिंग टीममध्ये बसलेय, नंतर इन्शुरन्स कमिटीवरही काम केलंय, त्यामुळे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, पगारवाढ आणि इन्शुरन्स एकाच कागदावर मांडून बघितल्याशिवाय नव्या करारावर मत देऊ नका. डिस्ट्रिक्टच्या दृष्टीने ते एकाच बजेटमधले पैसे असतात आणि तुमच्या दृष्टीनेही शेवटी बँकेत काय जमा होतं तेच खरं. पगारात दिलेलं इन्शुरन्समधून परत गेलेलं मी बघितलंय, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण पगारवाढ जाहीर होते आणि प्रीमियमची वाढ पे-स्टबच्या, म्हणजे पगाराच्या पावतीच्या, एका ओळीत गुपचूप येऊन बसते.

खाली क्रमाने लिहितेय. प्रत्येक राज्यात थोडं वेगळं असतं, पण वाट साधारण हीच.

१. आधी बघा, तुमच्या राज्यात वाटाघाटी होतात तरी का

खाजगी कंपन्यांमधल्या युनियनसाठीचा १९३५ चा जो केंद्रीय कायदा आहे तो सरकारी शाळांना लागूच होत नाही. सरकारी शाळांमधल्या वाटाघाटी राज्याच्या कायद्यावर चालतात. कॅलिफोर्नियात १९७५ च्या कायद्याने शाळा कर्मचाऱ्यांना वाटाघाटीचा हक्क आहे आणि त्यात हेल्थ बेनिफिट्स स्पष्ट धरलेत. न्यूयॉर्कमध्ये १९६७ चा टेलर लॉ आहे, तिथे वाटाघाटी होतात पण संपाला बंदी. विस्कॉन्सिनमध्ये २०११ च्या ॲक्ट १० ने बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांची वाटाघाटी मूळ पगारापुरती आणून ठेवली, म्हणजे इन्शुरन्स टेबलावरून गेलाच. नॉर्थ कॅरोलिनात तर सरकारी कर्मचाऱ्यांशी असा करार करायलाच कायद्याने मनाई आहे.

आता काही राज्यांत प्लॅन डिस्ट्रिक्टच्या हातातच नसतो. वॉशिंग्टन राज्यात जानेवारी २०२० पासून शाळा कर्मचाऱ्यांचा इन्शुरन्स राज्य पातळीवर एकत्र चालतो आणि वर्षाला किमान ६३० तास काम अपेक्षित असेल तर तुम्ही त्याला पात्र ठरता. तिथे तुमचा लोकल डिस्ट्रिक्टशी प्रीमियमवर वाद घालून उपयोग नाही, ते सगळ्या युनियन मिळून राज्याशी ठरवतात. न्यू जर्सीत, जिथे आपली मंडळी खूप आहेत, २०११ च्या कायद्याने तुमचा वाटा प्रीमियमच्या टक्क्यांवर नेला होता आणि मग २०२० च्या चॅप्टर ४४ या कायद्याने शिक्षकांसाठीच्या नव्या प्लॅनमध्ये तो पगाराच्या टक्क्यांवर आणला. म्हणून युनियनच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा की यातलं काय आपण ठरवतो आणि काय राज्याने आधीच ठरवलंय.

२. करारातलं इन्शुरन्सचं कलम काढून वाचा

करार युनियनच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर सापडतो, नाही सापडला तर बिल्डिंग रेपला, म्हणजे तुमच्या शाळेतल्या युनियनच्या प्रतिनिधीला, सांगा. सगळा वाचायची गरज नाही, इन्शुरन्सचं किंवा बेनिफिट्सचं कलम काढा आणि पेन्सिल घेऊन हे शोधा:

डिस्ट्रिक्टचा वाटा टक्क्यात लिहिलाय का डॉलरमध्ये? सगळ्यात महत्त्वाचं हे, याच्यावर पुढे सविस्तर येतेच.

प्लॅनचं नाव लिहिलंय का "समकक्ष प्लॅन" एवढंच? समकक्ष म्हणजे काय हे कोण ठरवणार ते लिहिलेलं नसेल तर डिस्ट्रिक्ट कंपनी बदलतं आणि म्हणतं हे समकक्षच आहे, आणि तुमचा मुलांचा डॉक्टर नव्या नेटवर्कमध्ये, म्हणजे नव्या कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत, नसतो. डॉक्टरांचं नेटवर्क, औषधांची यादी आणि जास्तीत जास्त खिशातून जाणारी रक्कम हे तिन्ही समकक्षच्या व्याख्येत आलं पाहिजे.

अर्धवेळ लोकांना किती तासांवर मिळतो? अफोर्डेबल केअर ॲक्टप्रमाणे (हेल्थ इन्शुरन्सचा केंद्रीय कायदा, ज्याला ओबामाकेअर म्हणतात) मोठ्या मालकाने आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्याला इन्शुरन्स देऊ केला नाही तर त्याला दंड लागू शकतो, आणि २९ तासांच्या पॅराच्या जागा का निघतात त्याचं उत्तर त्यातच आहे. पण करारात ३० च्या खालीही मिळवता येतो. लॉस एंजेलिसमध्ये मार्च २०२३ मध्ये सपोर्ट स्टाफने तीन दिवसांचा संप केला, त्यानंतरच्या करारात दिवसाला चार तास किंवा जास्त काम करणाऱ्या टीचिंग असिस्टंट वगैरे लोकांना पूर्ण हेल्थ बेनिफिट्स मिळाले. आणि एक लक्षात ठेवा, मागच्या वर्षीच्या तासांवरून सरासरी काढायची असेल तर शाळेच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचे आठवडे शून्य तास धरून ती खाली ओढता येत नाही, शाळांसाठी तसा खास नियम आहे.

बाकी उन्हाळ्यात कव्हरेज चालू राहतं का, नोकरी सोडली तर कधी संपतं, इन्शुरन्स न घेतल्यास पैसे मिळतात का, हे पटकन बघून घ्या.

३. कागदपत्रं गोळा करा

तुम्ही टीममध्ये असाल तर हे सगळं लागेल, नसाल तरी पहिली चार घरी ठेवाच:

- चालू करार आणि त्याला नंतर जोडलेली पत्रं, कारण बऱ्याच वेळा खरी तरतूद त्या जोडपत्रात असते
- पगाराचा तक्ता
- प्रत्येक प्लॅनचा बेनिफिट्सचा सारांश, तो एका ठरलेल्या नमुन्यात देणं कायद्याने बंधनकारक आहे त्यामुळे दोन प्लॅन शेजारी ठेवून बघता येतात
- मागच्या काही वर्षांचे प्रीमियमचे दर, एकटा, जोडपं, मुलांसकट, पूर्ण कुटुंब असे वेगवेगळे
- इन्शुरन्स कंपनीचं या वर्षीचं रिन्युअलचं पत्र
- कुठल्या प्लॅनमध्ये किती लोक आहेत त्याचे आकडे, नावं नकोत
- क्लेम्सचा एकूण खर्च, आणि ब्रोकर असेल तर त्याचं कमिशन
- डिस्ट्रिक्टचं बजेट

शेवटचे चार मागायला लेखी विनंती करा, तोंडी नको. वाटाघाटीसाठी लागणारी माहिती मागायचा हक्क युनियनला साधारणपणे असतो, पण तोंडी मागितलेलं कधी मागितलं हे नंतर सिद्ध करता येत नाही. आणि विनंती लवकर करा, कारण आकडे उशिरा येतात आणि मग रात्री उशिरा टेबलावर बसून "आत्ता सही करा" असं होतं.

एक गोष्ट नक्की विचारा, डिस्ट्रिक्ट इन्शुरन्स विकत घेतं का स्वतःच क्लेम भरतं. दुसऱ्या प्रकारात इन्शुरन्स कंपनी फक्त कागद हलवते, पैसे डिस्ट्रिक्टचे असतात, आणि क्लेम कमी आले तर शिल्लक राहते. ती शिल्लक कुठे जाते, किती ठेवलीय, हे विचारल्याशिवाय प्रीमियम वाढवायला हो म्हणू नका. त्या पैशात आपल्या लोकांचाही वाटा असतो.

४. चार शब्द पक्के करा

प्रीमियम म्हणजे दर महिन्याची कपात, आजारी पडा का नका पडू. डिडक्टिबल म्हणजे कंपनीने हात घालायच्या आधी तुम्ही भरायची रक्कम. को-पे म्हणजे डॉक्टरकडे गेलात की ठरलेले पैसे, आणि को-इन्शुरन्स म्हणजे बिलाचे ठरलेले टक्के. प्रीमियम सोडून बाकी तिन्हीला मिळून वर्षाची एक कमाल मर्यादा असते, २०२५ मध्ये कायद्याने ती एका माणसाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलरच्या वर नेता येत नव्हती, नेटवर्कमधल्या उपचारांसाठी. चांगल्या करारात ती यापेक्षा पुष्कळ खाली असते.

५. आता गणित मांडा

समजा कुटुंबाचा प्रीमियम महिन्याला २,००० डॉलर आहे. डिस्ट्रिक्ट १,६०० भरतं, तुम्ही ४००. पुढच्या वर्षी प्रीमियम ९ टक्क्यांनी वाढून २,१८० झाला.

करारात "डिस्ट्रिक्ट ८० टक्के भरेल" असं असेल तर तुमचा वाटा ४३६ होईल. महिन्याला ३६ जास्त, वर्षाला ४३२.

करारात "डिस्ट्रिक्ट १,६०० डॉलर भरेल" असं असेल तर वरचं सगळं तुमच्या अंगावर, म्हणजे ५८०. महिन्याला १८० जास्त, वर्षाला २,१६०. आज दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखाच आहे, १,६०० म्हणजे ८० टक्केच, म्हणून टेबलावर कोणाला काही खटकत नाही. फरक पुढच्या वर्षी कळतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत ९ टक्के वाढले तर तुमचा वाटा ७७६ च्या आसपास जातो.

आता याच्या शेजारी पगारवाढ ठेवा. ३ टक्के मिळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ७०,००० पगाराच्या टीचरला ते २,१०० डॉलर होतात, म्हणजे डॉलरची मर्यादा असलेल्या करारात ती पहिल्याच वर्षी ६० डॉलर मागे. २४,००० पगाराच्या पॅराला ३ टक्के म्हणजे ७२० डॉलर, आणि प्रीमियम वाढला २,१६०. ती बाई १,४४० डॉलरने गरीब झाली आणि कागदावर तिला पगारवाढ मिळालेली आहे. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं, कारण प्रीमियम सगळ्यांना सारखा असतो पण पगार सारखा नसतो, त्यामुळे डॉलरमधली कुठलीही वाढ सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला सगळ्यात जास्त बसते. आपल्या बऱ्याच बायका याच पगाराच्या नोकऱ्यांत आहेत. टीचर आणि सपोर्ट स्टाफ यांची युनियन एकच असेल किंवा दोन असतील, कुठलाही प्रस्ताव आला की तो आधी सगळ्यात खालच्या पगाराला लावून बघायचा.

आणखी एक, कपात किती पगारांतून होते ते बघा. दहा महिने पगार मिळत असेल तर बारा महिन्यांचा प्रीमियम दहात बसवतात, म्हणजे ५८० चे ६९६ दिसतात. नवीन माणूस पहिला चेक बघून घाबरतो, चूक नसते ती.

६. आपल्या लोकांना विचारा, पण नीट

सर्व्हे करा. कोण कुठल्या प्लॅनवर आहे, कुटुंब आहे का, कशाचा खर्च जड जातो, औषधं, डोळे, दात, मुलांची थेरपी. आजाराचं नाव मात्र विचारू नका, छोट्या शाळेत नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो.

आणि आपल्या मराठी मंडळींशी मला इथे थोडं स्पष्ट बोलायचंय. आपल्यातल्या खूप जणांचा इन्शुरन्स नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आयटी कंपनीतून असतो, त्यामुळे "मला काय करायचंय, मला पगार वाढवून द्या" असं वाटतं आणि मतही तसंच पडतं. पण आयटीत ले-ऑफ सांगून येत नाही. ज्या दिवशी त्या बाजूचा इन्शुरन्स जाईल त्या दिवशी शाळेचाच प्लॅन सगळ्या घराला घ्यावा लागेल, आणि तेव्हा तो जसा आपण सोडून दिला तसाच हातात येईल. शिवाय शेजारच्या वर्गातली एकटी आई, जिच्याकडे दुसरा इन्शुरन्स नाहीच, तिच्यासाठी तरी दोन तास मीटिंगला बसा. नागरिक नसलात तरी युनियनमध्ये येता येतं, बोलता येतं, त्यासाठी ग्रीन कार्ड लागत नाही.

आईवडिलांबद्दल सगळेच विचारतात म्हणून लिहिते, कायदा मुलांना २६ वर्षांपर्यंत ठेवायला लावतो, आईवडील मात्र जवळपास कुठल्याच शाळेच्या प्लॅनमध्ये बसत नाहीत. त्यांच्या भेटीसाठी वेगळा इन्शुरन्स काढावाच लागतो, हा मुद्दा टेबलावर नेऊन वेळ घालवू नका.

७. टेबलावर काय होतं

कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंना सुरुवातीचे प्रस्ताव आधी बोर्डाच्या जाहीर मीटिंगमध्ये मांडावे लागतात, तिथे जाऊन बसा, भरपूर कळतं. बाकी बैठका बहुतेक ठिकाणी बंद दाराआड होतात. आपल्या बाजूने एकच माणूस बोलतो, बाकीच्यांनी चिठ्ठी द्यायची किंवा ब्रेक मागून बाहेर जाऊन बोलायचं. समोरून आकडा आला की लगेच चेहऱ्यावर किंवा तोंडाने उत्तर द्यायचं नाही, "बघून सांगतो" एवढंच.

समोरून साधारण हे येतं:

डॉलरची मर्यादा, वर सांगितलीच. अगदी घ्यावीच लागली तर ती दर वर्षी प्रीमियमबरोबर किती वाढेल ते त्याच वाक्यात लिहून घ्या.

जास्त डिडक्टिबलचा प्लॅन आणि त्याबरोबर हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे औषधपाण्याच्या खर्चासाठी टॅक्सची सवलत असलेलं बचत खातं. प्रीमियम कमी दिसतो म्हणून लोकांना आवडतो. २०२५ मध्ये अशा प्लॅनचं डिडक्टिबल एका माणसाला किमान १,६५० आणि कुटुंबाला ३,३०० डॉलर लागत होतं, आणि खात्यात वर्षाला ४,३०० किंवा कुटुंबाचे ८,५५० पर्यंत टाकता येत होते. डिस्ट्रिक्ट त्या खात्यात किती टाकणार, दर वर्षी टाकणार का फक्त पहिल्या वर्षी, आणि जानेवारीतच सगळे टाकणार का हप्त्याने, हे तिन्ही विचारा. जानेवारीत मुलाचा हात मोडला आणि पैसे डिसेंबरपर्यंत हप्त्याने येणार असतील तर बिल कोण भरणार? आणि नवऱ्याच्या कंपनीत नेहमीचं मेडिकल फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट (पगारातून टॅक्सच्या आधी कापून औषधपाण्याला वापरायचं खातं) चालू असेल तर तुम्हाला या खात्यात पैसे टाकता येत नाहीत, हे कोणी सांगत नाही आणि मग टॅक्सच्या वेळी त्रास होतो.

जोडीदाराला त्याच्या नोकरीत इन्शुरन्स मिळत असेल तर जास्तीचा आकार. आरोग्याचे उपक्रम केले नाहीत तर दंड. संयुक्त इन्शुरन्स कमिटी, जी चांगलीच गोष्ट आहे, पण ती फक्त सल्ला देणार का तिच्या संमतीशिवाय प्लॅन बदलता येणार नाही, हे लिहून घ्या. सल्ला देणारी कमिटी चहा पिऊन उठते.

करार संपला आणि नवा झाला नाही, तेवढ्यात प्रीमियम वाढला तर ती वाढ कोणाची? न्यूयॉर्कमध्ये १९८२ च्या दुरुस्तीमुळे जुन्या कराराच्या अटी नवा होईपर्यंत चालू राहतात. बाकी ठिकाणी हे करारातच लिहिलेलं बरं.

८. अडून बसलं तर

साधारण आधी मध्यस्थ येतो, मग काही राज्यांत तथ्यशोधन समिती बसते, दोन्ही बाजूंचे आकडे तपासते आणि अहवाल देते. तुम्ही लेखी मागितलेली सगळी माहिती इथे कामाला येते.

संप हा शेवटचा टप्पा, आणि तो कुठे कायदेशीर आहे ते आधी बघा. न्यूयॉर्कमध्ये संपाच्या प्रत्येक दिवसाचा पगार तर जातोच, वर तेवढाच दंड कापतात. पण इन्शुरन्ससाठी लोक किती एकत्र येऊ शकतात याचं उदाहरण वेस्ट व्हर्जिनियाचं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या सगळ्या ५५ काउंट्यांतल्या शाळा बंद पडल्या, शिक्षकांबरोबर बस ड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातले लोकही बाहेर आले, आणि पगाराइतकाच राग राज्याच्या इन्शुरन्स योजनेच्या वाढत्या प्रीमियमवर होता. त्यात एक फिटनेसचं ॲप वापरलं नाही तर महिन्याला २५ डॉलर जास्त, असंही येऊ घातलं होतं, ते आधीच मागे घ्यावं लागलं. नऊ दिवस शाळा बंद होत्या, ५ टक्के पगारवाढ मिळाली आणि इन्शुरन्सचे दर गोठवून त्यावर टास्क फोर्स नेमला. तिथे वाटाघाटीचा कायदेशीर हक्कही नव्हता, तरी हे झालं.

संपाआधी दोन गोष्टी विचारून ठेवा: संपाच्या काळात डिस्ट्रिक्ट इन्शुरन्स चालू ठेवणार का, आणि तुम्ही वर्क व्हिसावर असाल तर त्यावर काही परिणाम होतो का. दुसरी गोष्ट इमिग्रेशन वकिलालाच विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

९. मत द्यायच्या आधी

तात्पुरता करार झाला की युनियन सारांश पाठवते. सारांशावर मत देऊ नका, बदललेल्या वाक्यांसकट पूर्ण मजकूर मागा आणि पाचव्या पायरीचं गणित स्वतःच्या पे-स्टबवर करा. आपला पगार, आपला प्लॅन, जुना वाटा, नवा वाटा, कराराच्या प्रत्येक वर्षासाठी. पंधरा मिनिटं लागतात. "करेल" आणि "करू शकेल" यातला फरक बघा, दुसऱ्यात डिस्ट्रिक्टवर काहीच बंधन नाही.

करार सगळ्यांना लागू होतो पण मत बहुतेक ठिकाणी फक्त वर्गणी भरणाऱ्या सभासदांना असतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या जेनस निकालानंतर सरकारी नोकरीत सभासद नसलेल्याकडून सक्तीने फी घेता येत नाही, म्हणून आपले काही जण वर्गणी वाचवतात, आणि मग इन्शुरन्स कसा ठरला याच्यावर त्यांना बोलता येत नाही.

१०. करार झाल्यावर

ओपन एन्रोलमेंटमध्ये, म्हणजे दर वर्षी प्लॅन निवडायच्या ठरलेल्या मुदतीत, स्वतः जाऊन प्लॅन निवडा, जुनाच आपोआप चालू राहील असं धरू नका. मधल्या काळात लग्न झालं, बाळ झालं किंवा जोडीदाराचा इन्शुरन्स गेला तर तुम्हाला वेगळी संधी मिळते पण ती साधारण ३० दिवसांचीच असते, त्यामुळे ले-ऑफची बातमी आली की त्याच आठवड्यात बेनिफिट्स ऑफिसला लेखी कळवा. जोडीदाराच्या आधीच्या कंपनीचा प्लॅन कोब्राखाली (नोकरी गेल्यावर जुना इन्शुरन्स काही काळ ठेवू देणारा कायदा) चालू ठेवता येतो, पण त्यात पूर्ण प्रीमियम आणि वर २ टक्के तुम्हीच भरायचे असतात, म्हणून शाळेच्या प्लॅनचा पर्याय हातचा सोडू नका.

नवे दर लागू झाल्यावरचा पहिला पे-स्टब करारातल्या आकड्याशी ताडून बघा. पेरोलमध्ये चुका होतात, कधी प्लॅन चुकीचा लागतो तर कधी जुनी टक्केवारी. फरक दिसला तर पेरोलला ईमेल करा आणि त्याच दिवशी युनियन रेपलाही कळवा, कारण तक्रार दाखल करायची मुदत करारात लिहिलेली असते, ती बऱ्याचदा थोड्याच दिवसांची असते, आणि पेरोल "बघतो" म्हणालं म्हणून ती थांबत नाही.